गेटवर घेतलेल्या बॅगेची जबाबदारी कोणाची? डीजीसीएला खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

पुण्यात माझे तिकीट बुकिंगचे छोटे ऑफिस आहे. हल्ली विमानाचे तिकीट मोबाइलवर कोणीही काढतो, त्यामुळे माझ्याकडे उरलेली मंडळी म्हणजे मुख्यतः ज्येष्ठ नागरिक. कोणी मुलाकडे बंगळुरूला निघालेले, कोणी मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला. त्यांच्या जोडीला वर्षातून एकदा सहलीला जाणारी कुटुंबे. तिकीट हातात पडले की यांचे फोन सुरू होतात. वेळ, सीट, जेवण यांबद्दल फारसे कोणी विचारत नाही. प्रश्न एकच असतो: "ही बॅग वर घ्यायची की लगेजला टाकायची?"

मी उत्तर देतो, धंदाच आहे. पण अलीकडे हे उत्तर देताना जीभ अडखळते. कारण ग्राहकाने माझे ऐकून, आपले नियम पाळून, घरी नीट विचार करून जी बॅग 'वर' म्हणून भरलेली असते, तीच बोर्डिंगच्या रांगेत, विमानाच्या दारापासून दहा पावलांवर काढून घेतली जाते. "सर, फ्लाइट फुल आहे, ही बॅग खाली जाईल." एक टॅग बांधला जातो आणि बॅग जाते. वर म्हणजे केबिनमध्ये काय आणि खाली म्हणजे विमानाच्या पोटात काय हे ठरवण्यासाठी आपण जे नियम केलेत, ते त्या क्षणी कुठे जातात, हे विचारण्यासाठी हे पत्र.

आधी ते नियम. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या खालच्या सामानात चालत नाहीत, त्या हातातच हव्यात. बॅटरीची क्षमता १०० वॉट-तासांपर्यंत असली तर परवानगी लागत नाही, १०० ते १६० मध्ये कंपनीची परवानगी आणि तीही दोनच बॅटऱ्यांना, त्यापुढे बंदी. बाजारात सर्रास मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची, म्हणजे बिनधास्त चालते. पण हा हिशेब ग्राहकाला सांगताना समोरची व्यक्ती आपल्याकडे कशी बघते हे आपण एकदा अनुभवावे.

दागिने, रोकड, पासपोर्ट, घराच्या किल्ल्या, लॅपटॉप हे सगळे वर. कारण जवळजवळ प्रत्येक विमान कंपनीच्या अटींत लिहिलेले असते की खालच्या सामानात मौल्यवान वस्तू ठेवू नयेत, ठेवल्यास आम्ही जबाबदार नाही. औषधे वर, कारण बॅग एक दिवस उशिरा आली तर रक्तदाबाची गोळी एक दिवस थांबत नाही. इन्सुलिन तर वरच, खाली गोठण्याची भीती म्हणून डॉक्टरच बजावतात. चाकू, कात्री, विळी खाली. नारळ खाली. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये नेता यावा म्हणून २०२४च्या हंगामात, २० जानेवारी २०२५ पर्यंत, खास सूट दिली गेली होती. लेकीच्या ओटीचा नारळ घेऊन निघालेल्या आईला अशी सूट नाही, तिने तो बॅगेत तळाला टाकायचा.

आणि सुके खोबरे? ते वरही नाही आणि खालीही नाही. तेल असलेले सुके खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. नियम बरोबर आहे, माझी तक्रार नाही. पण खोबऱ्याच्या चटणीवर वाढलेल्या माणसाला "तुमची खोबऱ्याची वाटी स्फोटकांच्या तक्त्याशेजारी छापलेली असते" हे समजावून सांगण्याचे काम विमानतळावरच्या पोरसवदा कर्मचाऱ्यावर येते आणि तिथे रोज भांडणे होतात. परदेशी जाणाऱ्यांना आणखी वेगळे: द्रवपदार्थ १०० मिलीच्या बाटल्यांत आणि त्या सगळ्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. हे २००६ साली लंडनमध्ये उघड झालेल्या कटापासून सुरू झाले. अमेरिकेच्या वाटेवर ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर हातात असली तर जादा तपासणी, मग ती थालीपिठाची भाजणी असो नाहीतर मेतकूट. म्हणून भाजणी मी खालीच टाकायला सांगतो.

तर वर काय जायला हवे याची यादी आपल्या आणि कंपन्यांच्या नियमांनीच लांबवलेली आहे. आता वजन. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांत इकॉनॉमीच्या प्रवाशाला केबिनमध्ये ७ किलो, आणि बॅगेचे माप साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर. चाकांची चांगली ट्रॉली बॅग रिकामीच अडीच-तीन किलोंची असते. लॅपटॉप आणि चार्जर दोन किलो. औषधांचा डबा, कागदपत्रांची फाइल, पॉवर बँक, चष्मे, एक स्वेटर, एक जोडी कपडे. झाले सात. माझ्या ग्राहकांना मी स्पष्ट सांगतो की चाकांचा मोह सोडा, कापडी खांद्याची बॅग घ्या, दोन किलो तिथेच वाचतात. पण सत्तरीच्या गृहस्थांना खांद्यावर पाच किलो लटकवायला सांगणे बरे वाटत नाही, आणि चाके घ्या म्हटले तर औषधांना जागा उरत नाही.

एवढे करून ती बॅग वर जाते का? मागच्या हिवाळ्यात माझ्या एका ग्राहकाची बॅग अशीच गेटवर घेतली गेली. कोणती कंपनी ते इथे लिहीत नाही, हे कोणत्याही कंपनीत होऊ शकते. बॅगेत इन्सुलिनची पेन होती. त्यांनी सांगितले. रांग मागे खोळंबली होती, कर्मचारी मुलगी वयाने लहान, तिच्यावर विमान वेळेत सोडण्याचा दबाव. ती म्हणाली, "काका, दीड तासाची तर फ्लाइट आहे." त्यांनी वाद घातला नाही. आपल्याकडच्या त्या पिढीला चारचौघांत वाद घालणे जमत नाही. पोहोचल्यावर बेल्टवर बॅग आली, इन्सुलिन शाबूत आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून नवीन विकत घ्यावे लागले. नुकसान फार मोठे नाही, तक्रार नोंदवावी इतकेही नाही, आणि म्हणूनच अशा गोष्टी आपल्यापर्यंत कधी येत नाहीत.

इन्सुलिनपेक्षा मला पॉवर बँकेची जास्त धास्ती वाटते. त्याच बॅगेत तीही होती. ती खाली जाऊ नये असा नियम, आणि ती खाली गेली ती कंपनीच्याच हाताने. कोणी विचारले नाही की आत बॅटरी आहे का. काही ठिकाणी विचारतात, हे मान्य. पण घाईत विचारलेला "पॉवर बँक वगैरे नाही ना?" हा प्रश्न आणि घाईत दिलेले "नाही नाही" हे उत्तर, यावर विमानाची सुरक्षा टांगलेली असू नये.

ही भीती पुस्तकी नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचे एअरबस ए३२१ विमान उड्डाणाच्या तयारीत असताना मागच्या बाजूच्या वरच्या कप्प्यात आग लागली. विमानातले सर्व १७६ जण बाहेर पडू शकले, विमानाचे छप्पर जळून गेले. तपासात संशय पॉवर बँकेवर गेला. १ मार्चपासून कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायलाही बंदी केली: अंगाजवळ ठेवा, नाहीतर समोरच्या सीटच्या खिशात, म्हणजे धूर आला तर दिसेल. जिथे डोक्यावरचा कप्पासुद्धा नजरेपासून लांब समजला गेला, तिथे पायाखालचे गोदाम किती लांब? खालच्या भागात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आतून एकाला लागून एक पेटत जाणारी उष्णता त्याने थांबत नाही. केबिनमध्ये निदान एखादी हवाई सुंदरी पाणी ओतू शकते. आणि ७ किलोंची बॅग गेटवर खाली पाठवण्याची पद्धत ही तीच बॅटरी तिथे पोहोचवण्याचा राजमार्ग आहे.

आता कायद्याकडे येतो. इथे मी वकील नाही, पण तिकिटामागच्या बारीक अक्षरांत आयुष्य गेले आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९चा माँट्रियल करार लागू आहे, भारत त्यात २००९ साली सामील झाला. त्या करारात खालच्या आणि वरच्या सामानाला दोन वेगळे न्याय आहेत. कंपनीच्या ताब्यात दिलेले सामान हरवले, फुटले तर कंपनीची चूक सिद्ध करण्याची गरज नसते, जबाबदारी तिची. प्रवाशाच्या हातातल्या सामानाचे मात्र कंपनीची चूक असेल तरच. भरपाईची वरची मर्यादा डिसेंबर २०२४ अखेरपासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. देशांतर्गत प्रवासात मर्यादा २०,००० रुपये. फुटलेल्या सामानाची तक्रार सात दिवसांत, उशिरा आलेल्याची एकवीस दिवसांत, लेखी. आणि त्याआधी, बेल्ट सोडून बाहेर पडण्यापूर्वीच, काउंटरवर नोंद करून तिचा कागद हातात घ्यावा. हे मी प्रत्येक ग्राहकाला पाठ करून पाठवतो, कारण एकदा टॅक्सीत बसलात की तुमच्या बोलण्याला किंमत राहत नाही.

मग गेटवर घेतलेली बॅग कोणत्या रकान्यात बसते? टॅग लावून ताब्यात घेतली म्हणजे ती खालचे सामान झाली, जबाबदारी कंपनीची, हे सरळ आहे. पण त्याच कंपनीच्या अटी म्हणतात की खालच्या सामानातल्या दागिन्यांना, रोकडीला, लॅपटॉपला, औषधांना आम्ही जबाबदार नाही, ते हातात ठेवायला हवे होते. अहो, हातातच ठेवले होते! काढून कोणी घेतले? प्रवाशाने सूचना पाळली म्हणून त्याच्या बॅगेत मौल्यवान वस्तू आहेत, आणि कंपनीने ती बॅग घेतली म्हणून त्या खाली गेल्या. सुनेपुढचे पान सासूनेच उचलायचे आणि पुन्हा जेवली नाही म्हणून सुनेलाच बोल लावायचा, असा हा प्रकार आहे. माझी पहिली विनंती याच ठिकाणी आहे. कंपनीने स्वतःच्या निर्णयाने गेटवर बॅग घेतली, तर 'मौल्यवान वस्तूंना आम्ही जबाबदार नाही' हे कलम त्या बॅगेला लागू होणार नाही, असे आपण स्पष्ट लिहून काढावे. एका परिपत्रकाचे काम आहे.

प्रवासी काही धुतल्या तांदळासारखे नाहीत, हेही लिहायलाच हवे. खांद्यावर सॅक, हातात ट्रॉली, दुसऱ्या हातात विमानतळावरच्या दुकानाची फुगलेली पिशवी आणि वर 'ही तर लॅपटॉपची आहे' असे म्हणणारे मी रोज पाहतो. जानेवारी २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने पुन्हा बजावले की एका प्रवाशाला एकच हँडबॅग, त्याशिवाय फक्त यादीतल्या वस्तू: बाईची पर्स, ओव्हरकोट, छत्री किंवा काठी, तान्ह्या बाळाचे खाणे, अशा. हा नियम कुठे पाळला जातो, कुठे नाही, हे त्या दिवशी ड्यूटीवर कोण आहे यावर ठरते. आणि त्याचा फटका शेवटी नियम पाळणाऱ्यालाच बसतो. तीन बॅगावाला आधी चढून कप्पा भरतो आणि एक बॅगवाला मागे राहिला की त्याची एकमेव बॅग खाली जाते. माझे ज्येष्ठ ग्राहक रांगेत कुठे असतात, हे सांगायला नको.

पण कप्पे भरण्याचे मूळ कारण प्रवाशांचा हावरेपणा नाही, ते भाड्यात आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपणच कंपन्यांना मुभा दिली की चेक-इन बॅग नसलेल्या प्रवाशाला स्वस्त तिकीट द्यावे. ग्राहकाला पर्याय मिळाला, चांगले झाले, मी स्वतः अशी तिकिटे विकतो. एअर इंडिया सरकारी होती तेव्हा तिच्यात २५ किलो फुकट जात, मे २०२४ पासून तिच्याही सर्वांत स्वस्त देशांतर्गत भाड्यावर १५ किलोच उरले. खालची बॅग महाग झाली की माणूस वरची बॅग भरतो. त्यात बेल्टवरची प्रतीक्षा. ती इतकी वाढली होती की फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरक्षा ब्युरोला सात कंपन्यांना सांगावे लागले: पहिली बॅग इंजिन बंद झाल्यापासून १० मिनिटांत, शेवटची ३० मिनिटांत. पुण्याहून दिल्लीला दोन तासांत पोहोचायचे आणि बेल्टपाशी पाऊण तास उभे राहायचे, हे कोणाला आवडेल? मग सगळेच वर. सगळ्या सीट इकॉनॉमीच्या असल्या तर ए३२० विमानात १८० ते १८६ सीट असतात. जुन्या धाटणीच्या कप्प्यांत तेवढ्या ट्रॉली बॅगा बसत नाहीत, हे कंपन्यांना तिकीट विकतानाच ठाऊक असते. नव्या मोठ्या कप्प्यांत बॅग उभी ठेवता येते, पण ते सगळ्याच विमानांत नसतात. छोट्या शहरांना जाणाऱ्या एटीआर विमानांचे तर विचारूच नका, तिथले कप्पे इतके उथळ की ट्रॉली शिडीपाशीच काढून घेतात. अशा मार्गाचे तिकीट असले की मी सांगतो: बॅगेच्या आत एक कापडी पिशवी ठेवा, औषधे, बॅटरी, दागिने तिच्यात, बॅग मागितली की पिशवी काढून घ्या आणि बॅग द्या. ही युक्ती मी कोणत्याही मार्गावर सांगायला लागलो आहे. पण अशा युक्त्या माझ्यासारख्या एजंटाने शिकवायच्या नसतात, त्या तिकिटावर छापलेल्या हव्यात.

दरांबद्दल मी काही मागत नाही. २०१६ मध्ये आपण १५ ते २० किलोंमधल्या जादा वजनाला किलोमागे १०० रुपयांची मर्यादा घातली होती, ती २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात टिकली नाही. तो विषय बाजाराचा आहे, राहू दे. सुरक्षा आणि जबाबदारी हे मात्र आपलेच विषय आहेत, आणि गेटवरच्या त्या दोन मिनिटांत दोन्ही एकदम येतात.

म्हणून दुसरी विनंती. विमान भरलेले आहे हे कंपनीला गेटवर नव्हे, आदल्या दिवशीच कळते. तेव्हाच संदेश पाठवून विचारावे की कोण आपणहून बॅग खाली देईल, त्याला पैसे न घेता. काही कंपन्या चेक-इन काउंटरवर हे विचारतात आणि लोक आनंदाने देतात. काउंटरवर माणसाला बॅग उघडून बॅटरी काढायला जागा असते, वेळ असतो. गेटवर घ्यावीच लागली तर आधी बॅग उघडायला पुरेसा वेळ आणि टेबल द्यावे. बॅटरी, औषधे, कागदपत्रे आणि मौल्यवान वस्तू काढण्याची सूचना मराठी, हिंदी किंवा त्या विमानतळाच्या भाषेत कार्डावर लिहून हातात द्यावी. आणि टॅगची पावती प्रवाशाकडे राहावी. औषधे सोबत असलेल्या आणि साठीपुढच्या प्रवाशाची बॅग सर्वांत शेवटी घ्यावी. यात कंपनीचा फार तर एक छापील कागद खर्च होतो.

तिसरी गोष्ट छोटी आहे पण माझ्या ऑफिसात सर्वांत जास्त गोंधळ तीच करते. कोणी पुण्याहून दिल्ली आणि पुढे अमेरिका अशी दोन वेगळी तिकिटे काढतो. पुढच्या तिकिटावर २३ किलोंच्या दोन बॅगा, पुणे-दिल्लीच्या तिकिटावर १५ किलो. एकाच पीएनआरवर असते तर पुढचीच मर्यादा धरली जाते, वेगळ्या तिकिटांवर बहुधा नाही. मग पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या काउंटरवर बॅगा उघडतात, लाडूंचे डबे वर येतात, जादा किलोंचे पैसे भरले जातात. तिकीट विकणाऱ्या प्रत्येक ॲपने हे पैसे घेण्याआधी ठळक सांगावे, इतकेच. नाहीतर लोक शेअर टॅक्सीने मुंबईच गाठतात, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही.

शेवटी आपल्या दर महिन्याच्या अहवालाबद्दल. आपण कंपनीनिहाय प्रवासी, उशिरा सुटलेली विमाने आणि तक्रारी जाहीर करता. दर १०,००० प्रवाशांमागे तक्रारी किती आणि त्यांत सामानाच्या किती, हे मी नियमाने वाचतो. त्यात गेटवर घेतलेल्या बॅगांचा रकाना नाही. तो घालावा: कोणत्या कंपनीने किती बॅगा गेटवर घेतल्या, आणि त्यांतल्या किती घेण्याआधी उघडून पाहायला दिल्या. हे आकडे ठेवणे कंपन्यांना अवघड नाही. तो रकाना आला की "ही बॅग वर घेऊ की लगेजला टाकू" याचे उत्तर मला कंपनी पाहून देता येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
पुण्यातला एक तिकीट एजंट

प्रत माहितीसाठी: नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो, नवी दिल्ली; सर्व देशांतर्गत विमान कंपन्यांचे ग्राहक सेवा विभाग